सरपंच म्हणतात ‘काटकसर केली, कारभार पारदर्शक ठेवला’: मत देण्याआधी हे कागदावर कसं तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अडीच हजार वस्तीचं गाव. विद्यमान सरपंचताई पुन्हा उभ्या राहणार आहेत आणि त्यांचं पत्रक घरोघर पोचलं आहे. पत्रकात चार दावे आहेत: ग्रामपंचायतीच्या खात्यात सोळा लाख शिल्लक आहेत, पाच वर्षांत घरपट्टी एक रुपयानेही वाढवली नाही, कामं कमी पैशांत केली, आणि सगळा हिशेब ऑनलाइन आहे. विचारणाऱ्याला ना त्यांना पाडायचं आहे ना निवडून आणायचं आहे. त्याला फक्त एवढंच हवं आहे की हे खरं किती ते सामान्य मतदाराने कसं ओळखावं.

आधी स्पष्ट सांगतो. या चारपैकी पहिला आणि चौथा दावा जसा केला आहे तसा घेतला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दुसरा दावा बऱ्याचदा सरपंचांच्याच विरोधात जातो. तिसरा खरा महत्त्वाचा, आणि तोच तपासायला कोणी जात नाही, कारण त्यासाठी टेप घेऊन रस्त्यावर जावं लागतं.

शिल्लक

‘खात्यात सोळा लाख आहेत’ हे ऐकून ग्रामसभेत टाळ्या पडतात. पण ग्रामपंचायतीचं खातं म्हणजे एक गल्ला नव्हे. त्यात वेगवेगळ्या कामांसाठी बांधून दिलेले पैसे असतात. पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१-२६ या काळातला निधी घ्या. त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे काम आधी ठरवून न दिलेला, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. याशिवाय पाणीपुरवठा निधी वेगळा, ठेकेदारांच्या सुरक्षा ठेवी वेगळ्या, आणि गावाचा स्वतःचा ग्रामनिधी वेगळा.

एक नमुना हिशेब मांडतो, आकडे समजण्यापुरते. ३१ मार्चला एकूण शिल्लक १६,२०,००० रुपये. फोड अशी: बंधित निधी ९,१०,०००, अबंधित ३,४०,०००, पाणीपुरवठा निधी ६०,०००, ठेकेदारांच्या ठेवी १,२०,००० आणि ग्रामनिधी १,९०,०००. ठेवी तर गावाच्या नाहीतच, त्या परत द्यायच्या आहेत. म्हणजे गावाने स्वतः कमावून मागे टाकलेले पैसे फक्त १,९०,०००.

आता देणी बघा. शिपाई आणि पाणीपुरवठा कर्मचारी यांचा तीन महिन्यांचा पगार थकलेला, ५४,०००. स्वउत्पन्नातून जो खर्च करावाच लागतो तो, म्हणजे मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के, त्याचा न केलेला अनुशेष १,१०,०००. हे १,६४,००० वजा केले की ग्रामनिधीत उरतात २६,०००. सोळा लाखांचे सव्वीस हजार. शिवाय पाणीयोजनेचं महावितरणचं बिल २,७५,००० थकलेलं आणि पाणीपुरवठा निधीत फक्त साठ हजार. इथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. पाणीयोजनेची वीजबिलं बंधित निधीतून आणि पथदिव्यांची अबंधित निधीतून भरायला शासनाने २०२१ मध्ये मुभा दिली होती. मग बंधित खात्यात नऊ लाख पडून असताना पंपाचं बिल का थकलं?

असं होतं याचं मूळ हिशेबाच्या पद्धतीत आहे. ग्रामपंचायतीचा जमाखर्च रोखीवर चालतो. पैसा खात्यातून गेला की खर्च, नाहीतर नाही. त्यामुळे बिल न भरणं आणि पैसे वाचवणं हे जमाखर्चात एकसारखंच दिसतं. ज्याने गळकी लाइन बदलून पाण्याचा उपसा आणि वीज वाचवली आणि ज्याने बिलच भरलं नाही, त्या दोघांचीही शिल्लक वाढलेलीच दिसेल. फरक कळतो तो फक्त देण्यांच्या कागदावर.

तो कागद म्हणजे नमुना ४, मत्ता व दायित्वे, म्हणजे गावाची मालमत्ता आणि देणी. ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे नियम म्हणजे लेखासंहिता २०११. तिच्यात एकूण ३३ नमुने, म्हणजे ठरवून दिलेले तक्ते, आहेत. मतदाराला त्यातले पाच पुरतात: नमुना ३ (वर्षाचा जमाखर्च), नमुना ४, नमुना ९ (करमागणी), नमुना २८ (मागासवर्गीय आणि महिला-बालकल्याण यांवरचा खर्च) आणि नमुना ३० (लेखापरीक्षणातील आक्षेपांची पूर्तता). नमुना ३ जवळजवळ सगळीकडे तयार असतो. नमुना ४ मात्र अनेक ठिकाणी एकतर कोरा असतो किंवा त्यात फक्त मत्ता भरलेल्या असतात, दायित्वांचा रकाना रिकामा. काटकसरीचा दावा करणाऱ्या उमेदवाराने हा नमुना दाखवला नाही, तर तो दावा तिथेच थांबवा. मग थेट महावितरणच्या बिलांवर या. ग्राहक क्रमांक बिलावरच असतो आणि थकबाकी बिलावर छापलेली असते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ३१ मार्चला शिल्लक मोठी दिसते याचं एक अगदी निर्दोष कारण असतं: हप्ताच मार्चमध्ये जमा झाला. म्हणून नुसती शिल्लक न बघता हप्ता कोणत्या तारखेला आला ते बघा. एप्रिल-मेमध्ये आलेला बंधित निधी पुढच्या मार्चपर्यंत पडून असेल तर जबाबदारी ग्रामपंचायतीची. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेला असेल तर सरपंचांना दोष देऊ नका. मध्ये काही काळ प्रशासक असेल, तर त्या महिन्यांचा खर्चही वेगळा काढा, तो सरपंचांच्या नावावर ना जमेला धरायचा ना खर्चाला.

‘घरपट्टी वाढवली नाही’

हे मतदाराला ऐकायला सगळ्यात गोड वाटतं. पण कर आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी करायची असते. पाच वर्षांच्या कारकिर्दीत ती एकदा तरी यायला हवी. ती झाली नसेल तर गेल्या चार-पाच वर्षांत बांधलेले दुमजली बंगले, गाळे, गोडाऊन, पोल्ट्री शेड, मोबाइल टॉवर हे नमुना ८ च्या आकारणी यादीत एकतर नाहीत किंवा जुन्या मातीच्या घराच्या दराने आहेत. म्हणजे कर वाढला नाही हे खरं, पण जुन्या घरात राहणारा माणूस नव्या बंगल्याच्या वाट्याचे दिवे आणि गटार भागवतो आहे. दर वाढवणं आणि सुटलेल्या मालमत्ता यादीत आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर तसाच ठेवून यादी पूर्ण केली तरी उत्पन्न वाढतं, आणि माझ्या मते चांगल्या सरपंचाची पहिली खूण हीच.

तपासायची रीत सोपी आहे. तुमच्या आळीतली गेल्या पाच वर्षांत उभी राहिलेली दहा बांधकामं डोळ्यांसमोर आणा आणि नमुना ८ मध्ये ती कशी नोंदली आहेत ते बघा: क्षेत्रफळ किती, बांधकामाचा प्रकार कोणता, वापर निवासी की व्यापारी. दहापैकी सहा-सात जरी नीट असतील तर यादी जिवंत आहे. सरपंच, सदस्य आणि त्यांचे जवळचे नातेवाईक यांच्या मालमत्ता त्या दहांत मुद्दाम घ्या.

वसुलीचा टक्का हा दुसरा फसवा आकडा. पत्रकात ‘९३ टक्के वसुली’ असं छापलेलं असतं. समजा मागची थकबाकी ४,००,००० आणि चालू मागणी ३,००,०००. वर्षात जमा झाले २,८०,०००. चालू मागणीने भागलं तर ९३ टक्के, एकूण मागणीने भागलं तर ४० टक्के. बरोबर आकडा दुसरा. नमुना ९ मध्ये थकबाकी आणि चालू असे वेगळे रकाने असतात, त्यांची बेरीज तुम्हीच करा. आणखी एक लक्षात ठेवा: २०२५ च्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात जुन्या थकबाकीत ५० टक्के सवलत देण्याची मुभा होती. जिथे ती दिली गेली तिथे मागणीच कमी झाली, त्यामुळे त्या वर्षीचा टक्का आपोआप वर गेलेला दिसेल. तो आधीच्या वर्षांशी सरळ ताडून बघू नका, जमा झालेली रक्कम रुपयांत बघा.

वसुली आणि खर्च यांचं नातं काय असावं याचं महाराष्ट्रातलं ठसठशीत उदाहरण छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाचं आहे. सरपंच भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात तिथे कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत करून दिलं गेलं. हा खर्चच होता, आणि वरवर बघता काटकसरीच्या उलट. पण त्यामुळे कर वेळेवर येऊ लागला आणि त्याच पैशातून सोयी झाल्या. पैसा न खर्चणाऱ्याला नव्हे, तर खर्चलेल्या रुपयाचा मोबदला गावाला मिळवून देणाऱ्याला काटकसरी म्हणायला हवं.

कामं कमी पैशांत झाली का

इथे थोडा वेळ द्या. एखाद्या काँक्रीट रस्त्याचं उदाहरण घेऊ. अंदाजपत्रकात लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी १५ सेंटिमीटर. गुणाकार केला की ४५ घनमीटर काँक्रीट. आता प्रत्यक्षात जाडी १२ सेंटिमीटर भरली तर काँक्रीट ३६ घनमीटर. नऊ घनमीटर, म्हणजे पाचवा हिस्सा गायब. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या प्रमाणात, घनमीटरला साधारण आठ पोती सिमेंट लागतं. नऊ घनमीटरला बहात्तर पोती. तीन सेंटिमीटर म्हणजे बोटाचं दीड पेर, डोळ्यांना जाणवतसुद्धा नाही.

जाडी मोजताना एक चूक नेहमी होते. लोक रस्त्याच्या कडेला टेप लावतात, आणि कडेला फळ्या लावलेल्या असल्यामुळे तिथे जाडी बरोबर भरते. कमी पडते ती मधोमध, कारण खालचा मुरूम नीट दाबून सपाट केलेला नसतो, तो मध्ये फुगीर राहतो. म्हणून जिथे नंतर नळजोडणीसाठी रस्ता आडवा कापला आहे, किंवा गटाराचा चेंबर आहे, अशा ठिकाणी उघड्या पडलेल्या काठावर मोजा. तीन-चार जागी मोजून सरासरी काढा. एका जागेवरून आरोप करू नका. स्वतः मात्र रस्ता कुठेही फोडू नका, तो गुन्हा होईल.

लांबीचं तर त्याहून सोपं. एकाच रस्त्याचे दोन योजनांतून दोन तुकडे दाखवलेले असतात: ‘मारुती मंदिर ते शाळा’ आणि ‘शाळा ते मारुती मंदिर परिसर’. दोन्ही कामांची सुरुवात आणि शेवट नकाशावर मांडा. तुकडे एकमेकांवर चढत असतील तर दोन बिलं एकाच रस्त्यावर निघाली असू शकतात. नमुना २३ ही रस्त्यांची नोंदवही. तिच्यात रस्त्याची एकूण लांबी असते. पाच वर्षांत केलेल्या तुकड्यांची बेरीज रस्त्याच्या लांबीपेक्षा जास्त येत असेल तर उत्तर मागायलाच हवं.

मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, अभियंत्याने लिहायची असते आणि वरिष्ठाने तपासायची असते. त्यातलं मोजमाप नेमकं अंदाजपत्रकाइतकंच, दशांशापर्यंत तेच, असं दिसलं तर सावध व्हा. प्रत्यक्ष जागेवरचं काम कधीच असं तंतोतंत उतरत नाही, थोडं कमी-जास्त होतं. हुबेहूब आकडे म्हणजे बहुतेक वेळा टेबलावर बसून भरलेलं पुस्तक. याची जबाबदारी सरपंचांपेक्षा अभियंत्याची जास्त. पण बिलाच्या प्रदानावर सरपंचांची सही असते.

बिलातल्या कपातीही बघून घ्या. इमारत व इतर बांधकाम कामगार उपकर १ टक्का, अडीच लाखांवरच्या कंत्राटाला जीएसटीची मुळातून कपात २ टक्के, आयकराची कपात, गौण खनिजाचं (वाळू, खडी, मुरूम) स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी. या कपाती न करता ठेकेदाराला पूर्ण रक्कम दिली असेल तर पुढे लेखापरीक्षणात ती वसुली ग्रामपंचायतीच्या माथी येते.

खरेदीत सगळ्यात जास्त गडबड होते ती एलईडी दिवे, ब्लिचिंग पावडर आणि फवारणीची औषधं, कचरापेट्या, शाळा-अंगणवाडीचं साहित्य यांत. दिवे मोजता येतात. बिलावर १२० आणि खांबांवर ८० असतील तर उरलेले चाळीस साठा नोंदवहीत, नमुना १५ किंवा १६ मध्ये, दिसले पाहिजेत. दुसरं, निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी एका खरेदीचे तुकडे पाडलेले असतात. एकाच आठवड्यात, एकाच पुरवठादाराला, मर्यादेच्या जेमतेम खाली अशी तीन-चार बिलं दिसली की समजा. मर्यादा शासन निर्णयांनी बदलत आली आहे, म्हणून खरेदीच्या वर्षाला जो निर्णय लागू होता तोच लावा. तिसरं, तीन दरपत्रकं तीन दुकानांची असली तरी अक्षर, टायपिंगमधल्या चुका आणि तारीख एकच असते.

पुरवठादार खरा आहे का हे घरबसल्या बघता येतं. बिलावर जीएसटी क्रमांक असतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता तो क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, व्यवसायाचा प्रकार आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे सगळं दिसतं. किराणा दुकान म्हणून नोंदलेल्या फर्मने पाण्याची मोटार विकली असेल, किंवा फर्मची नोंदणी बिलाच्या फक्त महिनाभर आधीची असेल, तर तो प्रश्न लेखी विचारा. सरपंच किंवा सदस्य यांचा स्वतः वा भागीदारामार्फत ग्रामपंचायतीच्या कामात हितसंबंध असेल, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १४ खाली ती अपात्रता ठरते आणि निर्णय जिल्हाधिकारी देतात. पण नाव सारखं आहे एवढ्यावर तक्रार करू नका. मालकीचा कागद हाती हवा.

‘सगळं ऑनलाइन आहे’

ईग्रामस्वराज ही ग्रामपंचायतींच्या आराखड्याची आणि हिशेबाची ऑनलाइन प्रणाली २४ एप्रिल २०२० पासून आहे. वित्त आयोगाचा निधी मिळण्यासाठी लेखे ऑनलाइन असणं ही आयोगाचीच अट आहे, आणि त्या निधीचं प्रदान सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या डिजिटल स्वाक्षरीने त्याच प्रणालीतून होतं. म्हणजे हिशेब ऑनलाइन आहे हे सरपंचांचं कर्तृत्व नाही. त्याशिवाय पैसे निघालेच नसते. आणि ग्रामनिधीचा, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीच्या पैशाचा, खर्च तिथे सगळीकडे पूर्ण चढवलेला नसतो. नेमका तोच तुमच्या खिशातला पैसा.

तरीही संकेतस्थळ वापराच, ते फार उपयोगाचं आहे. लॉगिन लागत नाही. वर्ष, राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत असं निवडत गेलं की मंजूर आराखडा दिसतो आणि जमा-खर्चाचे अहवालही. आधी आराखड्याची यादी उतरवून घ्या, मग खर्चाची. आराखड्यात नसलेलं काम खर्चात दिसलं तर त्यासाठी पुरवणी आराखडा ग्रामसभेने केव्हा मंजूर केला ते विचारा. आराखड्यात दरवर्षी येणारं पण कधीच न होणारं काम दिसलं, तर तेही.

सरपंचांना एक प्रश्न नम्रपणे विचारून बघा: तुमची डिजिटल स्वाक्षरीची किल्ली कोणाकडे असते? ती संगणक परिचालकाकडे किंवा ग्रामसेवकांच्या ड्रॉवरमध्ये असेल तर कोणतं बिल केव्हा गेलं हे त्यांना स्वतःलाच माहीत नसण्याची शक्यता मोठी. महिला सरपंच असतील आणि ग्रामसभेत हिशेबाची उत्तरं यजमान किंवा दीर देत असतील, तर मागणी करा की उत्तर ताईंनीच द्यावं. अनेक ठिकाणी ताईंना पूर्ण माहिती असते, फक्त त्यांना बोलू दिलं जात नाही. त्यांनी स्वतः उभं राहून आकडे सांगितले, तर पारदर्शकतेच्या दाव्याला मी तिथेच निम्मे गुण देईन.

पारदर्शकतेची कायद्यातली कसोटी अधिनियमाच्या कलम ८ मध्ये आहे. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत होणाऱ्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षात करायची कामं आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी तिच्या उत्तरांसह ठेवायची असते. शेवटचा मुद्दा वगळला जातो, जवळपास सर्रास. म्हणून प्रोसिडिंग बुक उघडून पाच वर्षांतल्या पाच ग्रामसभांचं इतिवृत्त बघा. ‘लेखापरीक्षण अहवालाचे वाचन करण्यात आले’ एवढंच लिहिलं आहे की आक्षेपांचे क्रमांक आणि रकमा आहेत? तसंच गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, बघा: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती. पाचही सभा तहकूब झाल्या आणि मग गणपूर्तीचं बंधन नसलेल्या तहकूब सभेत बारा-पंधरा लोकांसमोर सगळं मंजूर झालं असेल, तर कागदोपत्री ते नियमात बसतं, पण त्याला मी पारदर्शक म्हणणार नाही.

लेखापरीक्षणातले आक्षेप वाचताना घाई नको. आक्षेप आहे म्हणजे पैसे खाल्ले असं नाही. प्रमाणकावर (व्हाउचरवर) शिक्का नाही, साठ्याची नोंद उशिरा केली, रोकड वहीचं पान साक्षांकित नाही, अशा त्रुटी जवळजवळ प्रत्येक ग्रामपंचायतीत निघतात आणि कागद जोडले की मिटतात. डोळे ‘वसूलपात्र रक्कम’, म्हणजे जबाबदार माणसाकडून परत घ्यायची रक्कम, या शब्दांवर ठेवा. ती रक्कम किती, कोणावर निश्चित झाली, किती वर्षं तशीच पडून आहे. आधीच्या सरपंचांच्या काळातले आक्षेपही त्याच यादीत असतात, त्यांचं वर्ष बघून वेगळे करा. नंतर आलेल्या सरपंचांनी जुने आक्षेप किती मिटवले, हाही त्यांच्या बाजूने मोजण्यासारखा मुद्दा आहे.

कागद मागायचे कसे

आधी तोंडी मागा, मग साध्या अर्जाने. नाही मिळाले तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करतात. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. बहुतेक अर्ज इथेच पडतात. ‘२०२१ पासूनच्या सर्व कामांची संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहिलं की अर्ज विषय जास्त म्हणून किंवा माहिती विपुल म्हणून परत येतो. ‘रस्ता निकृष्ट का केला’ असं विचारलं तर उत्तर देणं बंधनकारकच नाही, कारण कायदा दस्तऐवज देतो, खुलासे देत नाही.

मजकूर असा ठेवा: ‘विषय: मारुती मंदिर ते शाळा रस्ता काँक्रिटीकरण कामाच्या अभिलेखाचे अवलोकन. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४. तपशील: सदर कामाचे अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, दरपत्रके अथवा निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, देयके व प्रमाणके, काम पूर्णत्वाचा दाखला. कलम २(ञ) नुसार अभिलेखाचे व कामाचे प्रत्यक्ष अवलोकन करावयाचे असून निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती हव्या आहेत.’ आधी बघून मग निवडक प्रती घेतल्या की पानाला दोन रुपयांप्रमाणे खर्चही मोजका होतो. वही, पेन आणि सोबत हिशेब कळणारा एक माणूस न्या. जमाखर्च, कर आणि आक्षेप यांसाठी वेगवेगळे अर्ज करा.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या तीस दिवसांत पंचायत समितीकडच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. त्याचा निकाल तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायला हवा. दिवस मोजून पाहा: अर्ज ते प्रथम अपिलाचा निकाल म्हणजे तीन-चार महिने. म्हणून हे काम निवडणूक जाहीर झाल्यावर सुरू करून उपयोग नाही. आचारसंहितेत ग्रामसभाही बहुधा होत नाहीत आणि ग्रामपंचायत अधिकारी निवडणुकीच्या कामात असतात. आज अर्ज टाका.

जानेवारी २०२१ मध्ये ज्या गावांत निवडणुका झाल्या तिथले सरपंच सदस्यांमधून निवडले गेले होते. २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट मतदारांतून निवडला जातो. म्हणजे अशा सरपंचांना आता सहा-सात सदस्यांचं नव्हे, सगळ्या गावाचं समाधान करायचं आहे. या सरपंचताईंचा कारभार खरोखर स्वच्छ असेल तर त्यांच्यासाठीही सांगतो: पत्रक बाजूला ठेवा. ग्रामपंचायतीच्या फलकावर एकच पान लावा. त्यावर शिल्लक निधीनिहाय फोडून, खाली सगळी देणी महावितरणच्या बिलासह, एकूण मागणीवर वसुली, पाच मोठ्या कामांची लांबी-रुंदी-जाडी आणि दिलेली रक्कम, आणि वसूलपात्र आक्षेपांची रक्कम वर्षासह. शेवटी मोजमाप पुस्तिका कोणत्या वारी, किती वाजता बघायला मिळेल ते लिहा. हे पान आचारसंहिता लागण्याआधी लागलं पाहिजे, आणि त्यावर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचीही सही हवी, म्हणजे आकडे प्रचाराचे न राहता दप्तराचे होतील.